कुंचीचे अस्तर : महाराष्ट्रातील एका बालवस्त्राचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

वस्त्रप्रावरणांचा इतिहास हा बहुतांशी प्रौढांच्या वस्त्रांचा इतिहास राहिला आहे. डॉ. मोतीचंद्र यांचे प्राचीन भारतीय वेशभूषेवरील लेखन असो, वा डॉ. गो. स. घुर्ये यांचा १९५१ साली प्रसिद्ध झालेला भारतीय पोशाखावरील ग्रंथ असो, या अभ्यासांचा भर धोतर, उत्तरीय, कंचुकी, पागोटे, अंगरखा व लुगडे यांवर असणे स्वाभाविक होते. शिल्पे, चित्रे व लेख या साधनांत प्रामुख्याने तीच वस्त्रे आढळतात. तान्ह्या मुलाचे वस्त्र मात्र शिल्पकाराच्या छिन्नीखाली क्वचितच आले आणि दप्तरात तर त्याहूनही कमी. ते वर्ष-सहा महिन्यांत तोकडे होते, धाकट्या भावंडाच्या अंगावर जाते, मग त्याची गोधडी होते आणि शेवटी पोतेरे. एवढ्या थोड्या आयुष्याच्या वस्तूचा इतिहास लिहिण्यास साधने अपुरी पडावीत, यात नवल नाही.

तथापि, महाराष्ट्रातील ‘कुंची’ या बालवस्त्राच्या बाबतीत एक अनुकूल गोष्ट अशी की, वस्त्र टिकले नाही तरी त्याची बेतणी टिकली. डोके, कान, मान व पाठ यांना एकत्र झाकणारे, पुढून खुले, गळ्याशी नाड्यांनी बांधावयाचे आणि आतून अस्तर लावलेले हे टोपीयुक्त वस्त्र आजही घरोघरच्या स्त्रियांच्या हातात जिवंत आहे. प्रस्तुत निबंधात या बेतणीलाच साधन मानून कुंचीचा शोध घेतला आहे. विशेषतः तिच्या न दिसणाऱ्या अंगाकडे, म्हणजे अस्तराकडे, लक्ष वेधण्याचा येथे प्रयत्न आहे.

शब्द आणि आकार

मराठीत ‘कुंची’ हा शब्द ‘कुंचा’ व ‘कुंचला’ या शब्दांच्या शेजारी उभा असल्याने प्रथमदर्शनी घोटाळा होतो. केरसुणीचा वा रंगाचा कुंचा हा संस्कृत ‘कूर्च’ या शब्दाच्या कुळातला. त्याचा या वस्त्राशी अर्थाने काही संबंध दिसत नाही. वस्त्रवाचक कुंचीसाठी दोन तर्क संभवतात. ‘कुञ्च्’ म्हणजे आखडणे, मुरडणे, हा धातू ‘आकुंचन’ या शब्दात सर्वांच्या परिचयाचा आहे. कुंचीच्या मस्तकामागे कापड चुण्या घालून आखडलेले असते, हे लक्षात घेता हा तर्क आकाराशी जुळतो. दुसरा तर्क ‘कंचुक’ या शब्दाकडे जातो. परंतु कंचुक हे धडाचे वस्त्र, आणि कुंचीचा प्राण मस्तकात आहे. म्हणून पहिला तर्क अधिक समाधानकारक वाटतो. कन्नडमध्ये याच प्रकारच्या वस्त्राला ‘कुंचिगे’ म्हणतात आणि तेथील पाळण्याच्या परंपरेत बाळाच्या ‘कुलावी’ या टोपड्याबरोबर त्याचा उल्लेख येतो. कुंची ही केवळ मराठी मुलखाची नसून कृष्णा-भीमेच्या दोन्ही काठांवर नांदलेल्या एका सामायिक गृहसंस्कृतीची वस्तू आहे, असे या शब्दसाम्यावरून म्हणता येते. पुढे पाहता येईल की तिचे कापडही त्याच पट्ट्यातून येत होते.

आकाराच्या दृष्टीने कुंचीचे नाते शिंप्याच्या दुकानापेक्षा शेताच्या बांधाशी अधिक जवळचे आहे. पावसात वा थंडीत धनगर व शेतकरी घोंगडीची एक बाजू दुमडून तिची खोळ करतो आणि ती मस्तकावर घेतो. घोंगडीचा उरलेला भाग पाठीवरून खाली सोडतो. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून केलेली खोळ हा त्याचाच गरीब अवतार होय. या रचनेत कात्री नाही, सुई नाही, केवळ घडी आहे. या घडीची वरची कड टाक्यांनी कायमची बांधून टाकली आणि गळ्याशी दोन नाड्या लावल्या की साधी कुंची तयार होते. खोळ व कुंची यांतील फरक हा वस्तुतः धारण करणाऱ्यातील फरक आहे. प्रौढ माणूस घोंगडी हाताने धरून ठेवू शकतो; तान्हे मूल तसे करू शकत नाही. जे काम प्रौढाचा हात करतो, ते मुलाच्या बाबतीत टाक्याला व नाडीला करावे लागते. घडीचे वस्त्र शिवलेल्या वस्त्रात कसे रूपांतरित होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठी वेशभूषेत दुसरे सापडणे कठीण.

मस्तक व पाठ झाकणारे एकसंध वस्त्र हे अर्थातच एकट्या दख्खनचे वैशिष्ट्य नाही. ग्रीक-रोमन जगात आरोग्यदेव अस्क्लेपियसच्या सोबत दिसणारा तेलेस्फोरस हा बालरूपी देव नेहमी टोपीयुक्त झग्यात गुंडाळलेला दाखवितात, आणि तो आजारातून उठण्याचा देव आहे. येथे कोणताही ऐतिहासिक संबंध सुचवावयाचा नाही. मूल, झाकलेले मस्तक आणि प्रकृतीची काळजी ही त्रिपुटी मात्र दूरदूरच्या समाजांनी स्वतंत्रपणे जुळविली, एवढेच यातून घ्यावयाचे.

खणाची बेतणी

कुंची अनेक कापडांची होते. तथापि तिचे रूढ व मानाचे कापड म्हणजे खण. हे कापड प्रामुख्याने गुळेदगुड्ड येथे विणले जाई व आजही विणले जाते. हे गाव पूर्वी विजापूर जिल्ह्यात व मुंबई इलाख्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेले आणि १९९७ पासून ते बागलकोट जिल्ह्यात मोडते. राजकीय सीमा बदलली तरी मराठी स्त्रीच्या चोळीचे कापड त्या सीमेपलीकडूनच येत राहिले. खणाचा पन्हा अरुंद, हातभराहून थोडा अधिक. दोन्ही कडांना काठ आणि मधल्या अंगात उभ्या ताण्यातून उठविलेली बारीक नक्षी. चोळीसाठी बेतलेले हे कापड ‘खणा-नारळाची ओटी’ या विधीमुळे प्रत्येक सुवासिनीच्या पेटीत साठत असे. डोहाळजेवणात ओटीत आलेला खण पुढे त्याच बाळाची कुंची होई, ही गोष्ट केवळ भावनेची नाही. ती काटकसरीचीही आहे.

खणाच्या कुंचीची एक बेतणी येथे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण अशिक्षित म्हणून गणल्या गेलेल्या हातांची भूमिती तिच्यात आहे. पन्हा १९ इंच व लांबी ३२ इंच धरल्यास, खण लांबीच्या दिशेने असा उभा दुभंगतात की एका पट्टीची रुंदी ७ इंच व दुसरीची १२ इंच राहते. दोहोंना एकेक काठ लाभतो. सात इंची पट्टीतून १६ इंच लांबीचा तुकडा घेतला की तो बाळाच्या एका खांद्यापासून मस्तकावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत पोहोचतो. काठ पुढे येतो आणि चेहऱ्याभोवती आपोआप चौकट होते. मागच्या, काठ नसलेल्या कडेला चुण्या घालून ती एका लहान गोल चांदव्याभोवती बसवितात. बारा इंची पट्टी ही कुंचीचा घेर. तिची कापलेली कड धावदोऱ्याने ओढून सुमारे १४ इंचांपर्यंत आणतात व मस्तकाच्या खालच्या कडेला जोडतात. काठ खाली पाठीशी येतो. पहिल्या पट्टीतून उरलेल्या १६ इंचांच्या तुकड्यात चांदवा, गळपट्टी व नाड्या निघतात. चिंधीही वाया जात नाही, आणि विणकराने ज्या दोन कडा पक्क्या करून दिल्या त्याच बरोबर उघड्या राहणाऱ्या जागी येतात.

चोळीच्या बेतणीतही खणाचे काठ असेच दंडावर व पाठीवर आणले जातात. कुंची ही चोळीच्या शिवणज्ञानातून निघालेली शाखा आहे, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार मिळतो. त्यामुळे तिचा उगम शिंप्याच्या बारा बलुत्यांबाहेरच्या व्यवसायात न शोधता स्त्रियांच्या घरातील शिवणात शोधणे अधिक योग्य ठरेल.

अस्तर

शिवणकामाची मराठी परिभाषा दोन थरांची आहे. सुई, दोरा, टाका, शिवण, चुणी हे शब्द घरचे. तर अस्तर, बखिया, अंगुस्तान, किनखाब, जर हे शब्द फार्सीतून आलेले. दरबारी पोशाखाबरोबर आलेल्या कारागिरीची ही खूण होय. अंगरखा, जामा यांना अस्तर लावण्याची रीत शब्दासह त्या मार्गाने रूढ झाली असावी. परंतु दोन कापडे एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने सांधण्याची क्रिया गोधडीच्या रूपाने येथे घरोघर होती. कुंचीच्या अस्तराला नाव दरबारातून मिळाले आणि हात गोधडीतून, असा हा संगम आहे.

अस्तरासाठी नवे कापड वापरीत नाहीत. जुने धोतर, आईचे वा आजीचे विरलेले लुगडे, फार तर धुऊन मऊ झालेली मलमल, हेच अस्तराचे कापड. तान्ह्याला बारशापर्यंत नवे वस्त्र घालू नये, जुनेरात गुंडाळावे, या समजुतीशी ही प्रथा सुसंगत आहे. परंतु शिवणाऱ्या हाताला तिची कारणे निराळी व अधिक ठोस ठाऊक असतात. खणाची जर व उठावाची नक्षी आतल्या बाजूने खरखरीत असते. चुण्यांच्या व चांदव्याच्या शिवणी आत उघड्या राहिल्या तर त्या नेमक्या टाळूवर व कानामागे घासतात. गडद रंगाच्या कापडाचा रंग घामाने सुटतो. याहून महत्त्वाचे कारण आटण्याचे आहे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि अस्तर आटले की वरचा खण फुगून सुरकुततो. पंचवीस वेळा धुतलेले लुगडे जेवढे आटावयाचे तेवढे आटून गेलेले असते. ‘जुने ते मऊ’ या रूढीच्या पोटात असे साधे वस्त्रशास्त्र दडलेले आहे.

अस्तर लावण्याची रीत सोपी दिसते, तशी ती नाही. वरचे कापड व अस्तर यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेने टाके घालतात आणि घेराच्या खालच्या अंगाला चार बोटे जागा उघडी ठेवतात. त्या जागेतून सगळे वस्त्र उलटवून बाहेर काढतात आणि मग ती फट तुरपाईने बंद करतात. अस्तर गव्हाभर लहान कापावे लागते. तसे न केल्यास ते काठाच्या बाहेर डोकावते. मस्तकाच्या पोकळीत अस्तर सैल राहिले तर बाळाच्या डोळ्यांवर उतरते, म्हणून चांदव्याच्या मध्याशी दोन-चार टाके दोन्ही कापडांतून घेऊन ते जखडतात. डोंगरी व थंड भागांत दोन थरांच्या मध्ये आणखी एक जुनेर घालून त्यावरून गोधडीसारखा धावदोरा फिरविण्याचीही पद्धत आहे. कोकणच्या दमट हवेत हा तिसरा थर अर्थातच निरुपयोगी.

मऊ आणि स्वच्छ प्रावरणाचा आग्रह या भूमीत फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागृह व कुमारागार यांच्या वर्णनात बालकाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ व सुगंधी असावे असे सांगितले असून घामाने, मलमूत्राने वा कीटकांनी दूषित झालेली वस्त्रे टाकून द्यावीत, आणि दुसरी उपलब्ध नसतील तर तीच धुऊन, धूप देऊन, वाळवून वापरावीत, अशीही मुभा दिली आहे. ही शेवटची मुभा सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. ‘दुसरी नसतील तर’ या शक्यतेचा विचार त्या ग्रंथकाराने केला, म्हणजे ग्रंथ केवळ राजगृहासाठी लिहिला गेला नव्हता. आजही बाळंतिणीच्या खोलीत ओवा, वावडिंग यांची धुरी दिली जाते व न्हाणे झाल्यावर त्या धुरीवर धरलेले कपडे बाळाला घालतात. ही प्रथा व तो ग्रंथ यांच्यामध्ये अखंड धागा आहे असे सिद्ध करणे शक्य नाही, पण दोहोंचा हेतू एकच आहे.

वस्त्रे आणि वस्त्र

राजकीय इतिहासात ‘वस्त्रे’ हा शब्द अनेकवचनी व अधिकारवाचक आहे. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या या बालकाला साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंच्या कारस्थानाला वैधता लाभली ती या वस्त्रांनी. मानेचा तोलही न सावरणाऱ्या मुलाच्या नावे आलेला तो पोशाख अंगावर घालण्यासाठी नव्हताच. इतिहासकारांनी या वस्त्रांची चर्चा विपुल केली, आणि ती योग्यच होती. पुरंदरच्या वाऱ्यात त्या चाळीस दिवसांच्या देहाला ऊब कशाने मिळाली, हा प्रश्न मात्र राजकारणाच्या कक्षेत येत नाही. बालवस्त्राच्या इतिहासाची सुरुवात अशा न विचारलेल्या प्रश्नांपासूनच करावी लागते.

शिवणारे हात

पहिले बाळंतपण माहेरी, या रूढीमुळे कुंचीची पहिली शिवण बहुधा बाळाच्या आजोळी पडते. बारशाच्या दिवशी बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी यांच्याबरोबर कुंची येते, आणि नाव ठेवण्याचा मान जिचा त्या आत्याकडूनही येते. एकाच बाळाला दोन घरांकडून दोन कुंच्या मिळाव्यात, त्यांतील कोणती अधिक जरीची याची चर्चा ओसरीवर व्हावी, हे नवीन नाही. वरचा खण हा नात्याच्या देवघेवीचा विषय असतो; अस्तर मात्र कोणी आहेर म्हणून देत नाही. ते बाळंतिणीच्या किंवा तिच्या आईच्या गाठोड्यातून निघते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घरगुती कौशल्यात तीन दिशांनी बदल आला. पहिला बदल शाळेचा. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांत शिवण व विणकाम हे शिक्षणाचे अंग होते. त्यांतून क्रोशाची व दोन सुयांवरची लोकरीची टोपडी मध्यमवर्गीय घरांत आली. पुढे रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवण-भरतकामाचे वर्ग चालले. तेथे शिवण हे केवळ गृहिणीचे भूषण न राहता विधवा व निराधार स्त्रीच्या उपजीविकेचे साधन झाले. हा बदल मूलगामी होता. आजवर ज्या कामाला मोल नव्हते, त्याचा दर ठरू लागला.

दुसरा बदल यंत्राचा. आयझॅक सिंगरला १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट मिळाले आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सिंगर कंपनीने मुंबईत पाय रोवले. नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ दीर्घकाळ तिचे प्रमुख प्रतिनिधी होते. हप्त्याने यंत्र देण्याच्या पद्धतीमुळे ते शिंप्याच्या दुकानाबरोबर सुस्थित घरांतही शिरले. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्र बाजारात आणल्यावर देशी पर्याय मिळाला. कुंचीवर यंत्राचा परिणाम मात्र मर्यादित राहिला. घेराच्या सरळ शिवणी यंत्रावर गेल्या. चांदव्याच्या चुण्या व अस्तराची अखेरची तुरपाई हातातच राहिली. लहान व वळणदार वस्तूला यंत्र सोयीचे नसते, हे त्याचे साधे कारण. तिसरा बदल मासिकांचा. १९३० साली किर्लोस्करवाडीहून सुरू झालेल्या ‘स्त्री’सारख्या नियतकालिकांमुळे बायकांचे ज्ञान छापील शब्दात येऊ लागले आणि आजीच्या ‘चार बोटे’ व ‘वीतभर’ या मापांची जागा हळूहळू इंचांनी घेतली.

थंडी, मृत्यू आणि कापड

कुंचीला केवळ कौतुकाची वस्तू मानणे हे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. ज्या काळात ती घरोघर शिवली जात होती, त्या काळात तान्ह्या मुलाचे जगणे गृहीत धरता येत नव्हते. १९२१ साली मुंबई शहरात नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यूंची नोंद झाली. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. बाळंतपणासाठी स्त्रिया कोकणात वा देशावर गावी जात, जन्म तेथे होई व मृत्यू मुंबईच्या चाळीत. त्यामुळे प्रमाण फुगत असे. ही सवलत देऊनही उरणारे चित्र भयावह आहे. भिक्या, धोंडू, दगडू, केरबा अशी नावे ठेवून मुलाला मृत्यूच्या नजरेआड करण्याची, किंवा मागून आणलेल्या जुन्या कपड्यांचे झबले घालण्याची रीत या भीतीतून आली. जुनेराच्या अस्तराकडेही या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. वापरलेले कापड मऊ असते. शिवाय ते कुणीतरी जगून दाखविलेले असते.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. खणाची, जरीच्या काठाची, अस्तर लावलेली कुंची ही सर्व महाराष्ट्राची कुंची नव्हती. तीसाठी ओटीत खण येणारे घर लागे, गाठोड्यात जादा लुगडे लागे आणि दुपारची चार निवांत घटका लागत. मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीजवळ यांपैकी काहीच नव्हते. बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा मुंबई प्रांताचा कायदा १९२९ साली झाला. त्यापूर्वी कामावर लवकर परतणाऱ्या आया मुलाला निजवून ठेवण्यासाठी अफूमिश्रित बाळगोळी देत, हे १९२० च्या दशकातील पाहण्यांतून पुढे आले आहे. भूमिहीन व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांना वतनात वा मजुरीत मिळालेल्या उतरलेल्या कपड्यांवर भागवावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा व दागिन्यांचा प्रश्न उपस्थित केला, तो वस्त्र ही जातीची खूण झाली होती म्हणूनच. जुने कापड वापरण्याची ‘प्रथा’ आणि जुन्याशिवाय दुसरे नसण्याची ‘स्थिती’ यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. वस्त्रपरंपरेच्या गौरवपर लेखनात हा भेद अनेकदा पुसला जातो.

उत्तरकाळ

स्वातंत्र्योत्तर काळात कुंची मागे पडली, त्याची कारणे गुंतागुंतीची नाहीत. रुग्णालयांतील प्रसूती, होजिअरीचे तयार कपडे, लोकरीचे स्वेटर-टोपडे आणि खणाच्या चोळीची जागा घेणारे ब्लाऊजचे कापड यांनी तिला पर्याय दिला. पुण्याच्या तुळशीबागेसारख्या बाजारांत ती तयार मिळत राहिली, पण तेथील अस्तर नव्या, स्वस्त व बहुधा कृत्रिम धाग्याच्या कापडाचे असते. अलीकडच्या काळात खणाला पुन्हा मागणी आली असून बारशाच्या छायाचित्रांसाठी पैठणीच्या व खणाच्या कुंच्या शिवून घेतल्या जातात. काहींना तर अस्तरच नसते. छायाचित्रात ते दिसत नाही.

वैद्यकीय दृष्टीने या वस्त्राचे मूल्यमापन दुहेरी आहे. नवजात बालकाच्या एकूण पृष्ठभागात मस्तकाचा वाटा प्रौढाच्या तुलनेने बराच मोठा असल्याने उष्णता तेथून लवकर निघून जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ च्या नवजात अर्भकाच्या उष्णतारक्षणाविषयीच्या मार्गदर्शिकेत टोपीला स्थान आहे, आणि कमी वजनाच्या बालकासाठीच्या ‘कांगारू’ पद्धतीतही बाळाच्या डोक्यावर टोपी असतेच. पौष-माघातील रात्री नाशिक-पुण्याकडे पारा दहा अंशांच्या आसपास उतरत असता आजीने कुंचीचा आग्रह धरला, तो निराधार नव्हता. दुसऱ्या बाजूस, झोपलेल्या बाळाच्या तोंडावर सरकू शकणारे सैल वस्त्र व गळ्याशी बांधलेली नाडी या दोन्ही गोष्टी आज धोक्याच्या मानल्या जातात. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ साली मुलांच्या टोपीयुक्त वस्त्रांतील नाड्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या नाडी अडकून झालेल्या मृत्यूंच्या अनुभवावरून. कुंचीचा रूढ उपयोग मांडीवर, खांद्यावर, देवदर्शनाला नेताना, म्हणजे कुणाच्या तरी हातात असलेल्या बाळासाठी होता, आणि त्या वापरात नाडीवर सतत कुणाची तरी नजर राही. ती नजर वगळून नुसते वस्त्र उचलले तर त्याचा गुण दोषात बदलतो. आज कुंची शिवणाऱ्या काही स्त्रिया नाडीऐवजी दाबाचे बटण लावतात आणि झोपविताना कुंची काढून ठेवतात. परंपरेत घडलेला हा बदल लहान आहे, पण तो बाहेरून लादलेला नसून शिवणाऱ्या हातांनीच केलेला आहे.

संग्रहालयांत लहान मुलांची जरीची अंगडी-टोपडी क्वचित दिसतात. ती काचेमागे नेहमी सुलट बाजूने मांडलेली असतात. एखादी जुनी कुंची हाती आल्यास अभ्यासकाने ती प्रथम उलटवून पाहणे इष्ट ठरेल. अस्तराच्या कापडाला पूर्वी कधी मारलेली रफूची गाठ, लुगड्याच्या पदराची उरलेली रेघ, घेराशी बंद केलेली चार बोटांची फट व तिच्यावरील तुरपाईची दिशा, या सर्व गोष्टी आतल्या बाजूलाच असतात.